लहानपणी तुम्ही कशात रमत होता?

लहानपणी असे काय होते, की जे करताना जेवणाची हाक ऐकू आली तरी तुम्ही उठत नव्हता? जरा आठवून पहा. त्यासाठी कोणी बक्षीस देणार नव्हते. बरेचदा कोणी पाहतही नव्हते. पुढे परीक्षा आल्या, नोकरी आली, घराचे हप्ते आले आणि ती गोष्ट माळ्यावर गेली. आता आपण म्हणतो, "तेव्हा वेळ होता हो!" वेळ होताच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेव्हा फळाची चिंता नव्हती.

बंगळुरूमध्ये घडलेली एक गोष्ट पहा. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. आपणही तिथेच संशोधन करायचे, हे मुलीच्या मनात पक्के होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या येऊन त्यांनी तिथे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, त्या मुलगी होत्या.

कमलाताई परत गेल्या नाहीत. त्यांनी नकाराचे कारण विचारले आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष केवळ चाचणीचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये! ही शेवटची अट वाचून आजही राग येतो. त्यांनाही तो अपमान जन्मभर सलत राहिला. पण त्या वर्षात त्यांनी काय केले? श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि डाळींमधील प्रथिनांवर मन लावून काम केले. वर्षाच्या शेवटी रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली.

आता रामन यांच्याकडे पहा. १९०७ पासून दहा वर्षे ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत जात. १९१७ मध्ये भरपूर पगाराची ती नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले. आवडीसाठी माणूस काय सोडू शकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही दुसऱ्याची तीच ओढ समोर उभी राहिली, तेव्हा त्यांना ती ओळखता आली नाही. हे आपल्या घरातही घडते. स्वतःच्या छंदासाठी पहाटे उठणारे वडील मुलाला म्हणतात, "यातून पोट भरणार आहे का?"

तुम्ही विचाराल, कमलाताईंची आवड तरी त्यांची स्वतःची होती का? ती तर वडिलांची वाट होती. प्रश्न योग्य आहे. घरातून आलेली इच्छा आणि आपली ओढ यांत फरक कसा करायचा? मला वाटते, तो कौतुक थांबल्यावर कळतो. नुसती घरची इच्छा असेल, तर अपमानानंतर घरी परतायला उत्तम निमित्त मिळते. ओढ खरी असेल, तर राग राहतो आणि कामही चालू राहते.

आणि अशी ओढ आहे त्याच रूपात राहत नाही. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे आढळले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले. प्रश्न होता कुपोषित आदिवासी मुलांचा आणि गर्भवती स्त्रियांचा. स्वतःच्या आनंदासाठी सुरू झालेले काम असे दुसऱ्याच्या ताटापर्यंत गेले.

तुम्ही लगेच नोकरी सोडावी, असे मी म्हणणार नाही. रामन यांनीही दहा वर्षे सोडली नव्हती. कचेरीच्या आधीचा अर्धा तास मात्र तुमचाच आहे. पेटी, चित्रकला, झाडे, गणित, जे असेल ते माळ्यावरून खाली काढा आणि महिनाभर कोणालाही न दाखवता करून पहा. बोटे अडखळतील, अडखळू द्या.

आणि घरात लहान मूल असेल, तर ते काय करताना तुमची हाक ऐकत नाही, याकडे या आठवड्यात लक्ष ठेवा.