रसिकाचा हक्क कोठवर?

कलावंताने बदलावे की बदलू नये, या प्रश्नाचे जुन्या रसिकाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ज्या रूपावर आपण लुब्ध झालो ते रूप तसेच टिकावे, अशी त्याची अपेक्षा असते. जपानमधील लोकप्रिय गायक उतादा हिकारू यांची गाणी पाव शतकाहून अधिक काळ ऐकत आलेल्या आम्हांलाही ही अपेक्षा परकी नाही. ती न्याय्य आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

'फर्स्ट लव्ह' हा त्यांचा पहिला जपानी गीतसंग्रह मार्च १९९९ मध्ये निघाला, तेव्हा त्यांचे वय अवघे १६ होते. जन्म न्यूयॉर्कचा, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा ठेका त्यांनी जपानी शब्दांत सहज मुरवला. जपानमध्ये त्या संग्रहाच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. एवढा खप त्या देशात अन्य कोणत्याही संग्रहाला लाभलेला नाही. पुढे २०११ पासून त्यांनी गायनव्यवसायातून दीर्घ विराम घेतला. २०१३ साली त्यांच्या आई, एन्का गायिका फुजी केइको, निवर्तल्या. २०१६ चा 'फाँतोम' हा संग्रह त्या शोकातून उमटला. त्यात जुना झगमगाट ओसरला आणि स्वर अधिक उघडा झाला. २०२२ च्या 'बॅड मोड'मध्ये तर जवळजवळ १२ मिनिटांचे एक गाणे आहे. अशा प्रत्येक वळणावर, 'हे ते उतादा नव्हेत', असे म्हणणारा रसिक भेटतोच.

कायद्याच्या दृष्टीने पाहता त्याचा दावा दुबळा आहे. किंमत दिली, तबकडी मिळाली, तेथे व्यवहार पुरा झाला. विक्रेत्याच्या पुढील आयुष्यावर ग्राहकाचा बोजा चढत नाही. शिवाय १९९९ ची तबकडी आजही वाजते. ती कोणी हिरावून नेलेली नाही. यावर रसिक म्हणेल, आमचे नाते ग्राहकाचे नव्हे, प्रेमाचे आहे. परंतु मग तर दावा अधिकच ढासळतो. आई गमावलेल्या माणसाने सोळाव्या वर्षीच्याच गळ्याने गावे, असा आग्रह धरणारे प्रेम हे प्रेम नव्हे. ती मालकी होय.

तर मग कलावंत रसिकाचे काहीच देणे लागत नाही काय? लागतो, प्रामाणिकपणा लागतो. प्रत्येक बदल म्हणजे वाढ नव्हे. केवळ बाजाराची हवा पाहून पाठ फिरवणाऱ्याला तसे सुनावण्याचा रसिकाला पूर्ण अधिकार आहे. एखादे नवे गाणे फसले, असेही त्याने खुशाल म्हणावे. त्याला निवाडा देता येतो. मनाई हुकूम मात्र मागता येत नाही.

२०१८ साली उतादा यांनी 'हात्सुकोई' हा संग्रह काढला. या जपानी शब्दाचा अर्थही 'पहिले प्रेम' असाच आहे. नाव तेच; पण त्या नावाकडे पाहणारे डोळे आता ३५ वर्षांचे होते. जुन्या गाण्याची नक्कल न करता जुन्या विषयाशी इमान राखता येते, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

आमचे वय त्यांच्या वयाच्या आसपासचेच. म्हणून एवढे सांगू शकतो की, जुन्या संग्रहाची फर्माईश करताना रसिक पुष्कळदा गाणे मागतच नसतो. तो आपले १९९९ साल मागत असतो. ते गायकाच्या ताब्यात कधीच नव्हते. ज्याच्यापाशी वस्तूच नाही, त्याच्यावर तिच्या परतीचा दावा कसा चालावा?