नववे गाणे

पोर मोठे झाले हे घरात सर्वांत उशिरा आईच्या ध्यानात येते, आणि कलावंत मोठा झाला हे सर्वांत उशिरा त्याच्या चाहत्यांच्या ध्यानात येते. कारण दोन्हीकडे एकच. ज्याच्यावर जीव लावला त्याची एक मूर्ती आपण मनात बसवलेली असते, आणि मूर्तीने कूस बदललेली कोणाला खपते? मग तक्रार सुरू होते : ‘तो आता पूर्वीचा राहिला नाही.’ या वाक्यात दुःख असते, पण थोडी सावकारीही असते. आम्ही तुझ्यावर प्रेम केले, आता तू आम्हाला तेच ते देत राहायचे, असा तो हिशेब असतो. हा हिशेब कितपत न्याय्य आहे, आणि कलावंताचे देणे नेमके कोणाचे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. त्यासाठी मी एक असे उदाहरण घेणार आहे, की ते वाचून काही वडीलधारे चष्मा पुसून पुन्हा वाचतील. घेऊ द्या मला. दिवाळी आहे.

दिवाळीला मुंबई-पुण्याहून महाड-पोलादपुरात घरी आलेली मुले कानांत यंत्रे घालून बसतात. त्यांतल्या एखाद्याच्या कानात काय चालले आहे ते ऐकायचा हट्ट केलात, तर प्रथम घर पडते आहे असा भास होईल. ढोलकांचा मारा, गिटारींचा घणघणाट आणि त्यावर पोटातून काढलेली आरोळी. या जातीच्या संगीताला ‘मेटल’ म्हणतात. त्याच्याशी ‘हार्डकोअर पंक’ नावाच्या दुसऱ्या रागीट संगीताचा संकर होऊन जी शाखा निघाली ती ‘मेटलकोअर’. आपल्या मुंबईत ‘स्क्राइब’ नावाचा संच त्या शाखेजवळचा. त्याने २०१४ साली काढलेल्या अल्बमला ‘हेल मोगॅम्बो’ असे नाव दिले. खलनायक अमरीश पुरींचा, आरोळी मात्र परदेशी. ही थट्टा मला आवडली.

या संगीताच्या चाहत्यांइतके कर्मठ लोक मी वेदशाळेतही पाहिलेले नाहीत. इंग्लंडातल्या शेफील्ड गावच्या ‘ब्रिंग मी द होरायझन’ या संचाने २००६ साली पहिला अल्बम काढला तेव्हा त्यात जवळजवळ नुसत्या आरोळ्या होत्या. २०१९ सालच्या ‘आमो’पर्यंत येता येता तोच गायक बव्हंशी गाऊ लागला, आणि यंत्रनिर्मित सुरांना मानाचे पान मिळाले. जुन्या मंडळींनी ‘हे बाजाराला विकले गेले’ म्हणून बोटे मोडली. नव्याने आलेल्यांना काही मोडले आहे हे ठाऊकच नव्हते. नवल वाटते ते याचे, की ज्यांनी बंडखोरीवर प्रेम केले त्यांनाच बंडखोराने आपल्याविरुद्ध केलेले बंड सोसत नाही.

परंतु आपल्याला शेफील्डपर्यंत जायचे कारण नाही. मुंबईत २००० साली साहिल मखीजा या तरुणाने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ नावाचा संच उभा केला. नावातच भुताटकी आहे. हा काही मेटलकोअर नव्हे, मेटलच्याच आणखी काळ्या शाखेतला आहे. घरातल्या जाणत्या मुलाने चूक काढू नये म्हणून हे सांगून ठेवतो. (हे गृहस्थ यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतात, आणि तो चांगला शिकवतात.) पहिल्या अल्बमनंतर या संचाने अंधाराची एक मालिका रचली. ती २००५ साली सुरू झाली आणि २०१० सालच्या ‘द रिटर्न टू डार्कनेस’पाशी संपली. त्यातले राक्षस, त्यांचे राज्य, त्यांची युद्धे हे सारे स्वतःच्या मनाने कल्पिलेले.

हे वाचून नाक मुरडण्यापूर्वी कोकणातल्या माणसाने थोडे थांबावे. शिमग्याला आपल्या दारात संकासुर येतो तो कसा येतो? अंगभर काळा वेष, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. लहान मुले आईच्या पदरामागे लपतात आणि तेथूनच एका डोळ्याने त्याला पाहतात. होळीपुढे थोर घरचे गंभीर लोक मोकळ्या गळ्याने बोंब मारतात. वर्षभर दाबून ठेवलेल्या भीतीला आणि रागाला वेष चढवून नाचवण्याची ही रीत आपण शेकडो वर्षे पाळली. मुंबईच्या सदनिकेत वाढलेल्या मुलाला ना होळीचा माळ, ना संकासुर. त्याने वीजेच्या गिटारीवर आपला शिमगा केला, एवढेच.

आता खरी गोष्ट. २०१७ साली या संचाने नवा अल्बम काढला, त्याचे नाव ‘दशावतार’. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यापासून आरंभ आणि कल्कीपाशी शेवट. शब्द इंग्रजी, आरोळ्या त्याच, ढोलकांचा वेगही तोच. पण मधूनमधून आपल्याकडच्या वाद्यांचे सूर आणि मंत्रपठणाची लय येते. सतरा वर्षे स्वतःचे राक्षस घडवणारा माणूस एकाएकी आजीच्या गोष्टीकडे वळला. तळकोकणातल्या दशावतारी नाटकात वेद चोरणारा जो संकासुर मारला जातो, तो या मत्स्याच्याच हातून. म्हणजे सगळे वळण घेऊन गाडी शेवटी आपल्याच आळीत आली.

ही वाढ म्हणावी की नुसती कपडे-बदल? या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मी एक फार मोठे नाव घेतो. त्याने कोणी रागावू नये. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचे गाणे जसेच्या तसे गात. ‘गंधर्व’ ही पदवी मिळाली ती त्या चमत्काराबद्दल. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले, आणि मग १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले. देवासच्या घरात गाणे बंद करून पडून राहावे लागले. त्या पडण्यात माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीते कानी येत राहिली. बरे होऊन ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा गाणे निराळे झाले होते. लोकधुनांतून नवे राग उगवले होते. घराण्याच्या चौकटीत ते गाणे बसेना, आणि बसेना म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. नंतर त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला, त्याला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातला ‘उमजलेले’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. तबकडीबरहुकूम गाणारे मूल आणि ‘मला हे असे उमजले’ म्हणणारा प्रौढ, यांच्यामध्ये जे अंतर आहे तिला मी वाढ म्हणतो. नवे वाद्य आणले, नवी भाषा घेतली, पोत बदलला, ही सगळी वाढीची चिन्हे असू शकतील, वाढ नव्हेत.

या फूटपट्टीने ‘दशावतार’ मोजताना मी नवव्या गाण्यापाशी अडतो. कारण मी महाडात बसून ऐकतो आहे.

नववे गाणे बुद्धावर आहे. पुराणांच्या यादीत बुद्ध नववा आहे, हे खरे. आपल्याकडच्या काही जुन्या पंचांगांतल्या चित्रांत नवव्या जागी विठोबा उभा केलेला दिसतो. म्हणजे ही यादी काही दगडावरची रेघ नव्हे. पण महाडला ही गोष्ट केवळ यादीची राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी येथल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला येथेच मनुस्मृती जाळली गेली. तळ्याच्या पाण्याचा दावा कोर्टात दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल लागला. त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशा अर्थाची एक प्रतिज्ञा त्यांत स्पष्टपणे आहे. दर २० मार्चला जी माणसे लांबलांबून तळ्यावर येतात, त्यांतल्या अनेकांच्या घरात ही प्रतिज्ञा पाठ असते. गावाबाहेर गांधारपाल्याच्या डोंगरात जी लेणी कोरलेली आहेत तीही बौद्धांचीच. त्यांना कोणत्याही अवताराचा आधार लागलेला नाही.

तेव्हा नववे गाणे सुरू झाले की मला दोन माणसे शेजारी बसलेली दिसतात. एकाला वाटते, परक्या बाजात का होईना, माझ्या घरची कथा पोरांनी उचलली. दुसऱ्याला वाटते, माझ्या आजोबांनी जे नाते तोडून माणूसपण मिळवले, ते नाते पुन्हा जोडून दाखवले जात आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. संचाने काही वाईट हेतूने हे केले असेही मी म्हणत नाही. शेकडो वर्षे चालत आलेली यादी त्याने घेतली. पण अडचण नेमकी तेथेच आहे. कल्पित राक्षसाला नातेवाईक नसतात. त्याचे तुम्ही काहीही करा, कोणी विचारायला येत नाही. वारशाच्या गोष्टीला मात्र घरे असतात, भाऊबंदकी असते, आणि ज्यांना वारशातून बाहेर उभे केले त्यांची आठवणही असते. कलावंत कल्पनेतून वारशात आला, की त्याच्या गाण्याबरोबर त्याला जाब विचारणाऱ्यांची संख्याही वाढते.

यावर कोणी म्हणेल, असे प्रत्येकाला विचारून गायचे तर गाणे होणारच नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि परवानगीने गाणारा गवई मलाही नको. पण विचारून गाणे आणि गायल्यावर उत्तर देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या गावोगावच्या जाखडीत हा फरक अडाणी समजल्या गेलेल्या माणसांनी चोख सांभाळला आहे. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एका शाहिराने पुराणातला एखादा दाखला गायला, की दुसरा त्यातच बोट घालून सवाल करतो. पहिल्याने तो दाखला गाऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण सवाल आल्यावर त्याला ‘मी आपला सहज गायलो’ असे म्हणून सुटता येत नाही. जबाब गाऊनच द्यावा लागतो, आणि तो रात्रभर ताटकळलेल्या गावासमोर. १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसेकारांनी तमाशाचाच घाट उचलला आणि देवादिकांच्या स्तुतीच्या जागी माणसाच्या हक्काची गोष्ट आणली, तोही एका जुन्या गाण्याला दिलेला जबाबच होता. त्यांनीही वारसाच घेतला होता. मात्र त्यात आपल्याला कोणती जागा दिली आहे हे पाहून घेतला.

‘दशावतार’मध्ये मला असा जबाब ऐकू येत नाही. रचना भरघोस आहे, ढोलकांचे काम थक्क करणारे आहे, आणि नुसत्या अंधारापेक्षा ही गोष्ट खात्रीने मोठी आहे. तरी नववा अवतार आठव्यानंतर आणि दहाव्यापूर्वी येतो, यापलीकडे त्याच्या तेथे असण्याचे काही कारण गाण्याला पडलेले दिसत नाही. उमजण्याच्या वाटेवर पाऊल पडले, पण वाट पुरी झाली नाही, असे माझे मत.

मात्र माणूस तेथे थांबला नाही. मखीजांनी २०२३ साली ‘डेमनस्टीलर’ या आपल्या एकट्याच्या नावाने ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम काढला. त्यात ना स्वतः रचलेले राक्षस आहेत, ना पुराणातले. आजच्या समाजात द्वेष आणि असत्य पसरवणारी जी यंत्रणा हिंडते आहे, तिच्यावर ती आरोळी आहे. आरोळी तीच, ढोलकही तसेच. पण आता समोर नाव-गाव असलेले जग आहे, आणि ते उलट उत्तर देऊ शकते. जुन्या चाहत्यांपैकी किती जण बरोबर राहिले याची मोजदाद मी केलेली नाही.

घरातल्या मुलाला या फराळाच्या दिवसांत ही दोन्ही नावे सांगून पाहा, आणि नवव्या गाण्यात बुद्ध कसा आला हेही विचारा. आवाज आवडलाच पाहिजे असे नाही. मलाही तासाभरापलीकडे तो झेपत नाही. पण उत्तर द्यायला मुलगा कानातली यंत्रे काढील, आणि मग बराच वेळ ती परत घालणार नाही.