आकार हाच पत्ता

वर्ध्याच्या एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला सावंगी. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय. अशा रुग्णालयांच्या ओपीडीत 'शुगर'वाल्याला डॉक्टर किडनीची तपासणी सांगतात तेव्हा तो चक्रावतो. साखर रक्तात आहे, मग किडनीचे काय? तर वर्षानुवर्षे वाढलेली साखर मूत्रपिंडातल्या केशिकांचे गुच्छ बिघडवते. गुच्छाला आतून आधार देणाऱ्या भागाला मेसँजियम म्हणतात. तो फुगतो, कधी त्यात गोल गाठी धरतात. किमेलस्टिल आणि विल्सन या डॉक्टरांनी त्या गाठींचे वर्णन १९३६ साली छापले. (गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेच साल.)

रोगाची जागा माहीत आहे, तर औषध तिथेच का देऊ नये? गोळी साऱ्या अंगभर पसरते. हृदयाने ढकललेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यामुळे पोचण्याची अडचण नाही. अडचण थांबण्याची आहे.

इथे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणाचा आकार कामी येतो. मूत्रपिंड ही गाळणी आहे, पण तिला तीन थर आहेत. केशिकेच्या भिंतीतली छिद्रे साधारण ६० ते १०० नॅनोमीटरची. त्यामागे जाळीदार पटल, आणि त्याबाहेर पोडोसाइट पेशींच्या फटी. सुमारे ६ नॅनोमीटरहून लहान कण तिन्ही ओलांडून लघवीत जातो. फार मोठा कण यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. २०११ साली अमेरिकी संशोधकांनी उंदरांना वेगवेगळ्या आकारांचे सोन्याचे कण टोचले, तेव्हा ७५ नॅनोमीटरच्या आसपासचे कण मेसँजियममध्ये साठले. कारण मोठे सुरेख आहे. असा कण भिंतीच्या छिद्रातून जेमतेम शिरतो. लघवीच्या बाजूला पटल त्याला अडवते, पण मेसँजियमच्या बाजूला मध्ये पटलच नसते. कण तिकडे वळतो आणि राहतो. त्याच्यावर कुठलाही खास रेणू न चिकटवता!

पण ते उंदीर निरोगी होते. मधुमेहात पटल जाड होते, पोडोसाइट गळतात, अडायला हवे ते अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत गळू लागते. म्हणजे ज्या गाळणीचे माप घेऊन कण बनवायचा, ती गाळणीच रोग बदलत असतो. शिवाय सोने शरीरात विरघळत नाही. वर्षानुवर्षे घ्यायच्या औषधाला विरणारे बहुवारिक (पॉलिमर) हवे. मधुमेही मूत्रपिंडविकारासाठी असे एकही नॅनोऔषध अजून बाजारात नाही. उलट याच विकारात दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिनची साधी गोळी भारतात स्वस्त झाली. नव्या कणाला स्पर्धा तिच्याशी करायची आहे, आणि ती सोपी नाही.

मला वाटते, कण उद्या आला तरी सगळ्यांना एकाच मापाचा चालणार नाही. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्ब्युमिन पुन्हा पुन्हा दिसले की मूत्रपिंडाला इजा झाल्याचे धरतात. गाळणी किती ढिली झाली, याचा थोडा अंदाज त्याच आकड्यातून येतो. कणाचे माप ठरवणाऱ्यालाही आधी रुग्णाची लघवीच तपासावी लागेल.