उजवा शॉकअप

जिवतीहून गडचांदूरला उतरताना माणिकगड डोंगराचा घाट लागतो. पुढचा डावा शॉकअप तेल गाळू लागला, तो मी अंगणातच बदलला. स्प्रिंग क्लॅम्पने आवळल्याखेरीज वरचा नट सोडू नये. सुटली तर जीव घेते. तेवढे सांभाळले. शॉकअप जोडीनेच बदलावेत, नाहीतर दोन्ही चाके रस्ता सारखा धरत नाहीत, हेही ठाऊक होते. पण उजवा कोरडा दिसला, पैसे वाचवले. गाडी माझी, जोखीम माझी!

सकाळी शेजारच्या चाची म्हणाल्या, "बेटा, दवाखान्यात सोडशील?"

अमानत म्हणजे काय फक्त ठेवायला दिलेले दागिने? मी खरे ते सांगितले. "अल्लाह मालिक," म्हणत त्या मागे बसल्या. पण शॉकअप म्हणजे काय हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या होकाराने माझी जबाबदारी कशी फिटावी? घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो.