मद्रासचा आर्मेनियन छापखाना

इराणातल्या शिराझ शहरात १७५० साली हारुत्युन श्मावोन्यान यांचा जन्म झाला. ते आर्मेनियन धर्मगुरू झाले. त्यांच्या पंथात गावच्या धर्मगुरूला संसार करता येतो. त्यांनाही दोन मुलगे होते, आणि ते दोन्ही पाठोपाठ गेले. बापाचं जगातून मनच उठलं. दर्वेशांच्या सहवासात, फारसी ग्रंथ वाचत त्यांनी कित्येक वर्षं एकांतात काढली. हा माणूस पुन्हा चारचौघांत येईल, अशी आशा कुणी धरली नसेल.

१७८४ साली मद्रासच्या आर्मेनियन चर्चचं बोलावणं आलं आणि ते समुद्र ओलांडून तिथे गेले.

मद्रासची आर्मेनियन वस्ती लहान, पण सधन होती. इस्फहानला लागून असलेल्या नव्या जुल्फातून आलेली ही व्यापारी घराणी रत्नं, रेशीम आणि कापडाचा व्यापार करत. पैसा होता, देश मात्र नव्हता. आर्मेनियाचा एक भाग इराणच्या शहाकडे, दुसरा तुर्की सुलतानाकडे होता. हे दुःख मनाला लावून घेणारे लोक मद्रासमध्ये आधीही होते. शहामीर शहामिर्यान या व्यापाऱ्याच्या घराण्याने १७७२ साली तिथे छापखाना काढला होता आणि स्वतंत्र आर्मेनियासाठी राज्यघटनेचा मसुदासुद्धा छापला होता. जो देश अस्तित्वातच नाही त्याची घटना! मला या माणसांच्या जिद्दीचं फार अप्रूप वाटतं.

त्याच शहरात हारुत्युन यांनी १७८९ साली स्वतःचा छापखाना उभा केला. धर्मगुरूने प्रार्थनापुस्तकं छापली असती तरी लोकांनी धन्यवादच दिले असते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ऑक्टोबर १७९४ मध्ये त्यांनी ‘अझ्दारार’ हे मासिक सुरू केलं. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक ते हेच. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघायला अजून ३७ वर्षं होती.

त्यात काय असे? व्यापाराच्या बातम्या, समाजातल्या घडामोडी, दूरदेशीच्या राजकारणाची खबर, पंचांग. एखाद्या सनातनी गृहस्थाला ते खटकलंही असेल: मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन ४०५ च्या सुमारास घडवलेली ती अक्षरं, ज्यांत बायबल उतरलं, त्यांत बाजाराच्या गोष्टी छापायच्या? हारुत्युन यांनी नेमकं तेच केलं, आणि मला त्यांचं शहाणपण इथेच दिसतं. फक्त चर्चमध्ये ऐकू येणारी भाषा हळूहळू देव्हाऱ्यातल्या टाकासारखी होते. तिच्यापुढे हात जोडले जातात, पण रोजच्या कामाला तिला कुणी हात लावत नाही. परमुलखात वाढणाऱ्या पोराला बापाच्या पेढीवरची खबर आपल्याच लिपीत वाचता आली, तर ती लिपी शिकायला त्याला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

काम सोपं नव्हतं. शिशाचा एकेक खिळा उलटा जुळवायचा, शाई लावायची, दाब द्यायचा, आणि वाचणारे किती, तर मूठभर. छापखान्याचा खर्च अशा वाचकांवर फार काळ निघणं कठीणच. १७९६ मध्ये मासिक बंद पडलं. एकूण १८ अंक निघाले.

मासिक बंद पडल्यावर हारुत्युन पुन्हा एकांतात गेले नाहीत, हे मला त्या अठरा अंकांइतकंच मोलाचं वाटतं. एकेकाळी शोकाने ज्यांना माणसांतून उठवलं होतं, ते या अपयशानंतर मद्रासमध्येच राहिले. लोकांची लग्नं लावली, बारशी केली, मयताला उभे राहिले. वंश पुढे चालवायला मुलगे उरले नव्हते. दुसऱ्यांची मुलं मात्र त्यांच्या भोवती वाढत होती. जवळपास ४० वर्षं ही सेवा करून फेब्रुवारी १८२४ मध्ये ते वारले. आर्मेनियन स्ट्रीटवरच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. आज चेन्नईत आर्मेनियन माणूस शोधून सापडणं मुश्कील.

आर्मेनियात मात्र १६ ऑक्टोबर हा वृत्तपत्रांचा दिवस म्हणून पाळतात. राजधानी येरेवानमधले पत्रकार त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा देतात, ते शिराझमध्ये जन्मलेल्या आणि मद्रासच्या मातीत विसावलेल्या एका धर्मगुरूच्या मासिकामुळे.