देवाच्या काठाचा सात-बारा

लोणारच्या विवराचा मालक कोण? बेसॉल्टच्या खडकात उल्काघाताने कोरलेली ही सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची वाटी. २००० साली ती वन्यजीव अभयारण्य झाली, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पण आतल्या सरोवराच्या काठावर त्याआधीपासून, शतकानुशतके, कमळजादेवी आहे. आपल्या कायद्यात देव ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानतात आणि माणूस केवळ वहिवाटदार; त्याला सांभाळण्याचा हक्क आहे, उधळण्याचा नाही. संरक्षित काठासाठी भूसंपादन करणाऱ्या सरकारनेही स्वतःला असेच वहिवाटदार मानावे, असे मला ठामपणे वाटते. मालकी बदलल्याने सरोवर वाचत नाही. त्याचे पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे, तोच त्याचा प्राण. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. वरच्या गावाचे सांडपाणी खाली उतरले, तर हा तोल हद्दीच्या दगडांनी कसा टिकेल?

कोणी म्हणेल, मग देवीच्या नवरात्रातल्या यात्रेवरही बंधने येतील. येऊ द्यावीत, निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यात टाकणे ही भक्ती नव्हे. दुसरा आक्षेप मात्र जड आहे: ज्याची जमीन जाते, त्या शेतकऱ्याच्या त्यागावर इतरांनी पुण्य का कमवावे? त्याला दान मागू नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार पुरता मोबदला आणि पुनर्वसन द्यावे, आणि काठाच्या राखणीत पहिले काम त्यालाच मिळावे.