अंतरंगाची पारख

ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्याला माणसांचीं अंतःकरणें वाचतां यावींत, अशी अपेक्षा असते. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथाच्या ८ व्या अध्यायांत मात्र निराळेंच दिसतें. शोमरोनांतील जादूगार शिमोन याला फिलिप्पानें बाप्तिस्मा दिला, तेव्हां त्याच्या हेतूची झडती घेतल्याचा उल्लेख नाहीं. पुढें पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत घेण्यासाठीं शिमोनानें पैसे पुढें केले, तेव्हां पेत्र कडाडला. हेतु शिमोनानें स्वतःच नाण्यांच्या रूपानें मांडला होता. आणि तरीही पश्चात्तापाचें दार पेत्रानें उघडें ठेवलें. (हनन्याचें कपट पेत्राला न सांगतां कळलें, हें खरें; पण चमत्कारावर मंडळीचा कारभार चालवितां येत नाहीं.)

देणगीच्या थैलीमागचा हेतु दिसूनही न पाहणारे पुढारी थोडे नाहींत. तेच स्वतःवरील टीकेंत मात्र शंभर हेतु शोधतात. पौलाची रीत याच्या अगदीं उलट. तो बंदिवासांत असतां कांहीं जण केवळ मत्सरानें, त्याला क्लेश व्हावे म्हणून, ख्रिस्ताचा उपदेश करीत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत तो त्यांचा हेतु उघड सांगतो, आणि उपदेश होत आहे यांतच आनंद मानतो! पेत्रासमोर मंडळीचा अधिकारच विक्रीला निघत होता. येथें दुखावला जाणारा एकटा पौल होता, आणि तें दुःख त्यानें हिशेबांत धरलें नाहीं.